अध्याय अर्धा ठेवत नाहीत

"पण बुवा, महिनाभर वाचायचं काय, ते तरी सांगाल?"

"पोथी."

"आणि ती संपल्यावर?"

"महिना संपेल."

पराशर जोगळेकरनं हसू दाबलं. पुण्याच्या कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस तो. दोन कथासंग्रह नावावर होते, एका दिवाळी अंकाचं बक्षीस घरी काचेच्या कपाटात होतं. कादंबरीची जाहिरातसुद्धा प्रकाशकानं करून टाकली होती. नव्हती ती फक्त कादंबरी. बाजारात तुरी, असा सगळा प्रकार.

त्याचं दुखणं एकच. कुठलाही विषय घेतला तरी तो दहा पानांत आटपायचा. दहाव्या पानावर माणसं मरायची, नाहीतर त्यांना सगळं उमगायचं. पुढं ढकलून ती हलत नसत.

हिवरदऱ्याच्या मठातले चिंतामणबुवा एकच आख्यान सात रात्री चालवतात आणि श्रोता जागचा उठत नाही, असं त्यानं ऐकलं होतं. म्हणून अधिक महिना धरून तो इथं आला होता. अधिकात कुणी नवं काम सुरू करत नाही, हे त्याच्या आईनं सांगून पाहिलं. ऐकतो कोण.

"सकाळी लिही," बुवा म्हणाले. "दुपारी पाच घरची माधुकरी माग. तिसऱ्या प्रहरी गावच्या बायकांना पोथी वाचून दाखव."

"संध्याकाळी?"

"गप्प बस."

"मी लिहिलेलं तुम्ही वाचाल ना?"

"ऐकेन कधीतरी."

पराशर उठू लागला, तसं बुवांनी हात वर केला.

"बायका वाती वळत बसतात. त्यांच्या हातांकडं बघत वाच."

"का?"

बुवांनी डोळे मिटून घेतले होते…

पराशरनं ते सोडून दिलं. म्हाताऱ्यांच्या असतात एकेक लहरी, असं त्याला वाटलं. पोथी तो वाचायचा झकास, आवाज कमावलेला होता, पण मान खाली घालून. समोर वीसपंचवीस बायका कापसाच्या वाती वळत असायच्या, हे त्याला फक्त बांगड्यांच्या आवाजावरून कळायचं.

माधुकरीची मात्र त्याला लाज वाटायची. वर्गात पोरांना दरडावणारा प्राध्यापक, खांद्याला झोळी अडकवून, "ॐ भवति भिक्षां देहि" एवढं पुटपुटायचा आणि कुणी ओळखीचं तर नाही ना, म्हणून रस्त्याकडं बघायचा.

पाचवं घर दादू सुताराचं होतं.

दादू म्हातारा आंधळा, ओट्यावर घोंगडीत बसलेला. छातीचं दुखणं वेगळंच. त्याची बायको अनसाक्का भाकरी आणून झोळीत घालायची. तिचा मुलगा सुदाम मस्कतला असतो आणि दर गुरुवारी बाजारच्या गावी जाऊन ती त्याला फोन करते, एवढं पराशरला पहिल्या दिवशीच कळलं होतं. सांगितलं दादूनंच.

एका दुपारी दादू आत झोपलेला होता. अनसाक्का भाकरी हातात धरून उंबऱ्यातच थांबली.

"मास्तर, शहरात चौथीतल्या पोरास्नी काय शिकिवत्यात?"

"का हो?"

"आमचा नातू औंदा चौथीत गेलाय. मस्कतला. ह्यांनी इचारलं तर काय सांगू?"

"सुदामलाच विचारा की. फोन करता ना गुरुवारी?"

अनसाक्कानं मागं वळून पाहिलं. दार ओढून घेतलं.

"पोरगा कुठाय, इचाराया?"

पराशरला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा हात झोळीसकट तसाच राहिला.

ती सांगत गेली, खालच्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं. सुदामला रंधा मारायचा नव्हता. त्याला गाडी चालवायची होती. बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. ह्या उंबऱ्याला पाय लावू नको, असं दादू बोलून गेला. पोरगा मुंबईला गेला, ट्रकवर लागला, आणि वर्षाच्या आत घाटात ट्रक उलटला. निरोप आला तेव्हा दादू तालुक्याच्या दवाखान्यात होता. धक्का बसेल असं काही सांगू नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं. गावानं परस्पर सगळं उरकलं.

"आज नको, उद्या सांगू म्हनलं. त्यो उद्या काय उजाडला न्हाई. मग ह्यांचं डोळं गेलं."

"मग मस्कतला…"

"मीच धाडला. मुंबई लई जवळ पडत हुती. चला, भेटून येऊ, असं कुनीबी म्हनलं असतं."

"गावाला ठाऊक आहे?"

"समद्यास्नी. दुकानदारबी इचारतो, नातू काय म्हनतोय."

पराशर उंबऱ्याशीच बसला.

"पयली दोन वर्सं त्यानं ह्यांचं नाव काढलं न्हाई," ती म्हणाली.

"कुणी? सुदामनं?"

"मी काढू दिलं न्हाई. येवढा राग, लगीच कसा उतरंल? तिसऱ्या वर्साला इचारलं त्यानं, दादांचा खोकला कसा हाय. त्या राती ह्ये जेवलं न्हाईत. नुसतं हसत बसलं."

…

दहा पानांवर अडणाऱ्या माणसासमोर ही बाई उभी होती. हातात भाकरी, आणि डोक्यात वर्षानुवर्षं चाललेला एक माणूस. त्याला नोकरी लागली, त्याचं लग्न झालं, त्याला पोरगा झाला. पराशरला हेवा वाटला. खोटं कशाला बोला, दुःख नंतर वाटलं, हेवा आधी.

"सांगा की मास्तर. चौथीत काय असतं?"

"भूगोल," तो कसाबसा म्हणाला. "तिकडं वाळवंट, उंट, असं काहीतरी असेल."

दुसऱ्या दिवशी भाकरीवर चटणीचा गोळा जास्तीचा होता.

"ह्ये उंटावर लई येळ बोलत हुतं," अनसाक्का म्हणाली.

पराशर मठात आला तो थेट कागदांवर बसला. दहावं पान आलं आणि गेलं. विसावं गेलं. सकाळ पुरेना म्हणून तो संध्याकाळीही लिहू लागला. बुवांनी एकदा दारातून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेले.

नावं बदलली होती त्यानं. तेवढी अक्कल होती. सुताराचा लोहार केला, मस्कतचं दुबई केलं, सुदामचा विश्राम केला. घोड्याला हिरवा रंग दिला की तो पोपट होतो, अशी लेखकांची एक समजूत असते.

महिना सरत आला, तसा तो बुवांसमोर जाऊन बसला.

"समाप्तीला पोथी झाल्यावर मी माझा एक अध्याय वाचला तर चालेल?"

"कुठं बसून?"

"तिथंच. पोथीच्या चौरंगासमोर."

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं.

"ऐकायला कोण कोण हवं तुला?"

"जितके येतील तितके."

"सगळं गाव?"

"सगळं."

बुवांनी काठी घेतली आणि स्वतःच गावात आमंत्रण करायला निघाले. एवढ्या म्हाताऱ्या माणसानं आपल्यासाठी दारोदार जावं, म्हणून पराशरला भरून आलं.

समाप्ती गुरुवारी होती. गुरुवारी अनसाक्का बाजारच्या गावी असणार. तेवढा हिशेब त्यानं मनातल्या मनात केला होता. तो त्यानं बुवांना सांगितला नाही आणि स्वतःलाही मोठ्यानं सांगितला नाही.

मठाचा मंडप भरून गेला. पोथी संपली. पराशरनं पोथी मस्तकाला लावून बासनात बांधली आणि तिच्या जागी आपले कागद ठेवले. हळदीकुंकू वाहिलेला चौरंग, समोर समई, आणि वर त्याचं अक्षर. आईनं हे बघायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं.

तो वाचू लागला.

गुरुवारचा बाजार. सावित्री नावाची एक बाई बाजारातून घरी येते. तिचा आंधळा नवरा, गावचा लोहार, पावलांच्या आवाजावर मान वळवतो आणि विचारतो, झाला का फोन? ती पिशवी खाली ठेवते. पाणी पिते. मुद्दाम वेळ लावते.

मंडपात कुणीतरी खुदकन हसलं.

"आमच्यावानीच हाय की गं," पुरुषांच्या बाजूनं एक म्हातारा आवाज आला. "ही बी असंच करती. आधी पानी पिती."

पराशरची मान वर झाली.

खांबाशी एका खुर्चीत, घोंगडी गुंडाळलेला दादू सुतार बसला होता. चार जणांनी उचलून आणला होता त्याला. बुवांनी सगळं गाव बोलावलं होतं, आणि तो गावातच राहत होता.

मग पराशरनं बायकांकडं पाहिलं. महिन्यात पहिल्यांदा.

एकही हात हलत नव्हता. वाती मांड्यांवर तशाच पडल्या होत्या. दुसऱ्या रांगेत अनसाक्का होती, बाजार चुकवून आलेली. ती त्याच्याकडं बघत नव्हती, जमिनीकडं बघत होती. तिचा चेहरा सारवलेल्या भिंतीसारखा झाला होता.

पुढची ओळ डोळ्यांसमोर होती, त्याच्या आवडीची ओळ, चार वेळा घासूनपुसून लिहिलेली. *विश्रामला जाऊन त्या पावसाळ्यात सहा वर्षं झाली होती, आणि हे लोहार सोडून साऱ्या गावाला ठाऊक होतं.*

त्यानं कागद मिटला.

"आज इथंच थांबू," तो म्हणाला. "बाकीचं… नंतर."

मंडपात चुळबुळ झाली. पुढं बसलेली एक म्हातारी, जिला यातलं काहीच उमगलं नव्हतं, ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "असं कसं? अध्याय अर्धा ठेवत न्हाईत. समाप्तीच्या दिशी तर न्हाईच न्हाई."

"वाचा की मास्तर," दादू म्हणाला. "पोराचं काय झालं?"

पराशरनं बुवांकडं पाहिलं. बुवा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत. नुसते ऐकत होते.

…

त्यानं कागद उघडला. त्यावर नजर ठेवली. आणि जे त्यावर नव्हतं ते वाचू लागला.

"तेवढ्यात… दारात पाऊल वाजलं. लोहारानं मान वळवली. हे पाऊल सावित्रीचं नव्हतं. उंबऱ्याशी येऊन ते थांबलं. आत यावं की नको, असं थांबलं."

त्यानं पान उलटलं, वाचत असल्यासारखं.

"लोहार म्हणाला, कोण आहे? कुणी बोललं नाही. मग लोहारानं हात पुढं केला. त्याच्या हाताला एक चेहरा लागला. दाढी वाढलेली होती. भुवईवरची खोक मात्र तीच होती, लहानपणी ऐरणीवर पडून झालेली. लोहार म्हणाला… उंबऱ्याबाहेर का उभा रे? पाय लाव त्याला. मी तेव्हा रागात बोललो होतो."

शब्द कुठून येत होते, त्याला ठाऊक नव्हतं. महिन्याभरात त्यानं एक गोष्ट स्वतःच्या पदरची लिहिली नव्हती, आणि आता ती ओठांवर तयार होऊन येत होती. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या.

"आन् मग? ऱ्हायला का?" दादूचा आवाज.

"राहिला."

"कायमचा?"

"कायमचा," पराशर म्हणाला.

दादू रडत होता. आंधळ्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. आरती झाली, प्रसाद वाटला गेला. आत कुठंतरी पराशर खूश होता. निभावून नेलं. नुसतं निभावलं नाही, लोकांना रडवलं. मरणाची गोष्ट जगण्याची करून टाकली. आपल्यात हे आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

दिवेलागणीला अनसाक्का मठात आली. ओसरीवर चढली नाही. खालीच उभी राहिली.

पराशर पुढं झाला. "आक्का, चुकलं माझं. पण मी ते ओठांपर्यंत आलेलं…"

"ते लिवलंत, त्येचा राग न्हाई मला," ती म्हणाली. "समद्यास्नी ठावंच हाय. पर घरी कशापायी आनला त्याला?"

पराशर एक पायरी खाली उतरला.

"मी कंदी आनला न्हाई. मन हुत न्हवतं व्हय माजं? रोज व्हायाचं. राती ह्ये बोलत पडायचं, आला तर असं करू, आला तर तसं करू. जिभंवर यायचं माज्या, की पुढल्या म्हयन्यात येतोय. दात दाबून धरायची मी." तिनं पदर तोंडावर धरला आणि काढला. "आनला असता, तर ह्यांनी हात पुढं केला असता, मास्तर. हाताला काय लागलं असतं?"

…

"मी गोष्ट म्हणून सांगितलं हो," पराशर म्हणाला. त्याचं त्यालाच ते पोकळ वाटलं.

"गोष्ट? ह्ये म्हनत्यात, पोथीत आलंय. पोथीच्या जागंवरनं वाचल्यालं खोटं हुत न्हाई. त्यो लोहाराचा आला, आपला बी वाटंला लागला आसंल. आल्यापास्नं उंबऱ्याजवळनं हालंनात."

ती वळली. जाता जाता थांबली.

"लई वर्सं लांब ठिवला हुता मी त्याला," ती म्हणाली. "लई जपून."

आणि निघून गेली. पराशर ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा आपण लिहिलेली गोष्ट कुणाच्या तरी घरात जाऊन बसली होती आणि तिथून निघायला तयार नव्हती. लेखकाला याहून मोठं काय हवं, असं भाषणात म्हणायला ठीक असतं.

सकाळी त्यानं पिशवी भरली. सरळ एसटीच्या थांब्यावर जावं, मागं वळून बघू नये, असं त्यानं ठरवलं. पण थांब्याची वाट सुतारआळीतून जात होती.

दादूच्या ओट्यावर रंध्याचा आवाज येत होता.

म्हाताऱ्यानं हत्यारं बाहेर काढली होती. गंजलेला रंधा दगडावर घासून त्यानं धार लावली होती आणि चाचपत चाचपत एक फळी साफ करत होता. हाताला दोनतीन ठिकाणी लागलं होतं. अनसाक्का दाराच्या आड उभी होती, बाहेर न येता.

"कोन? मास्तर का?" पावलं ओळखून दादू म्हणाला. "या. पाट करतोय दोन. एक त्येला, एक नातवाला. शहरातली पोरं पाटावर बसत्यात न्हवं?"

पराशरच्या तोंडून हो निघालं, नाही निघालं, काय निघालं, त्याला कळलं नाही.

"डोळं न्हाईत, पर हात इसरला न्हाई," दादू हसत म्हणाला. भुशाचा हात त्यानं पुढं केला आणि पराशरचा हात शोधून धरला. "तुमी वाचलंत म्हनून. न्हाईतर आमी काय, अशीच वाट बघत मेलो असतो."

म्हाताऱ्याचा हात गरम होता. पराशरला तो सोडवून घेववेना.

एसटी आली तशी गेली. तो पळत मठात आला. बुवा तुळशीला पाणी घालत होते.

"बुवा, तो पाट करतोय."

बुवा पाणी घालत राहिले.

"आता काय करू? खरं सांगून टाकू?"

"कुणाला विचारतोस?"

"तुम्हाला."

"त्याला घरी मी आणला?"

पराशरनं पिशवीतल्या कागदांवर हात आपटला.

"मी फाडून टाकतो सगळं. एकूण एक कागद. ती कादंबरी मला नकोच."

"कागदावर कुठं होतं ते?"

…

रंध्याचा आवाज मठापर्यंत येत होता. थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. पराशर मटकन खाली बसला.

"मला पुण्याला जायला हवं," तो म्हणाला. "कॉलेज आहे. आई आहे. महिनाच म्हणून आलो होतो."

बुवांनी तांब्या खाली ठेवला. त्याच्या खांद्यावरची पिशवी हळूच उतरवली, ओसरीवर नेली आणि खुंटीला अडकवली.

"मग मी जाऊ कधी, बुवा?"

"सुदाम आला की जा."